फ्लॅट, बंगला किंवा गावचं घर पर्यटकांना द्यायचंय? मग आधी नियम समजून घ्या

नोंदणी नसलेल्या होमस्टेंना गोव्यात नोटिसा, लोणावळा-कर्जतकडच्या बंगल्यांमध्ये रात्री उशिरापर्यंत डीजे आणि मग पोलीस, कुठल्यातरी सोसायटीने फ्लॅटमालकाला पाठवलेलं पत्र, अशा बातम्या आता दर सीझनला येतात. त्या वाचल्या की पुण्या-मुंबईतल्या ज्या लोकांनी कर्ज काढून तिकडे सेकंड होम घेतलंय त्यांना एकच प्रश्न पडतो. घर माझं, हप्ते मी भरतो, घरपट्टी मी भरतो, मग दोन रात्रींसाठी कुणाला राहायला दिलं तर सरकारचं, सोसायटीचं किंवा ग्रामपंचायतीचं काय जातं?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कुणी नीट समजावून सांगत नाही. एजंट सांगतो काही लागत नाही, अ‍ॅपवर फोटो टाका आणि सुरू करा. सीए फक्त जीएसटीचं बोलतो, सोसायटीचे सेक्रेटरी डायरेक्ट बंदच करा म्हणतात. म्हणून जरा सावकाश, मुळापासून बघू.

भाडेकरू आणि पाहुणा, कायद्याच्या नजरेत दोन वेगळी माणसं

तुम्ही फ्लॅट ११ महिन्यांच्या करारावर दिलात तर लिव्ह अँड लायसन्स होतं. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी करून रजिस्टर करावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. समोरचा माणूस तिथे राहायला येतो, म्हणजे त्याचं गॅस कनेक्शन, मुलांची शाळा, कामवाली, सगळं तिथलं होतं.

आता शुक्रवारी रात्री येऊन रविवारी दुपारी जाणाऱ्या कुटुंबाशी असा करार कुणी रजिस्टर करतं का? नाही करत, आणि करायचा प्रश्नही येत नाही, कारण इथे तुम्ही घर भाड्याने देतच नाहीये, तुम्ही राहण्याची सोय विकताय. चादरी बदलून देणं, चेक-इनची वेळ, वायफायचा पासवर्ड, गिझर बंद पडला तर धावपळ, हे सगळं लॉज करतो तेच काम आहे, फक्त छोट्या प्रमाणावर. यालाच शॉर्ट टर्म रेंटल म्हणतात, म्हणजे एका रात्रीपासून काही आठवड्यांपर्यंत पैसे घेऊन पर्यटकाला जागा देणं.

रस्त्यावरचं उदाहरण घ्या. पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी तुमची स्वतःची असते, त्यात घरच्यांना, मित्रांना कुठेही न्या, कुणी विचारणार नाही. त्याच गाडीत पैसे घेऊन प्रवासी बसवायला लागलात की पिवळी प्लेट, परमिट, वेगळा इन्शुरन्स आणि फिटनेस आलं. गाडी तीच, इंजिन तेच, मालकही तोच, फरक एवढाच की आता त्यात बसणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही आणि तरी जीव तुमच्या भरवशावर टाकून बसलाय. घराच्या बाबतीत पिवळ्या प्लेटचं काम जे कागद करतात त्यांनाच आपण नियम म्हणतोय.

गोंधळ होतो कारण एकच कायदा नाहीये

आपल्याकडे शॉर्ट टर्म रेंटलसाठी देशभर लागू होणारा असा एक कायदा नाही. पर्यटन हा राज्याचा विषय, घरपट्टी आणि बांधकाम परवानगी स्थानिक संस्थेकडे, सोसायटी सहकार खात्याखाली, परदेशी पाहुण्याची माहिती केंद्राकडे, टॅक्स दोन्हीकडे. त्यामुळे एका दाराला जाऊन "मला परवानगी द्या" असं म्हणता येत नाही आणि एका दाराने हो म्हटलं म्हणून बाकीचे गप्प बसतील असंही नाही.

आणि अ‍ॅपवर लिस्टिंग झालं म्हणजे परवानगी झाली असं तर अजिबातच नाही. सगळ्या मोठ्या अ‍ॅपच्या अटींमध्ये स्पष्ट असतं की स्थानिक कायदे पाळायची जबाबदारी घरमालकाची. आपण "मान्य आहे" वर टिक करून पुढे जातो आणि ती ओळ वाचायची राहून जाते, मग नोटीस आली की कस्टमर केअरला फोन लावतो, तिथून काय मदत मिळणार?

गोवा: आधी नोंदणी, मग पाहुणा

गोव्यापासून सुरू करू कारण तिथे गोष्ट सगळ्यात स्पष्ट आहे आणि आपल्या मराठी लोकांचे तिकडे भरपूर फ्लॅट आहेत. गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे, म्हणजे अ‍ॅप तर सोडाच, घराघरात फोनही नव्हते तेव्हापासूनचा. मोठं हॉटेल असो की घरातल्या दोन खोल्या, पर्यटकाला पैसे घेऊन ठेवायचं तर पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. ती ऐच्छिक नाही. नोंदणीशिवाय चालवलं तर दंड.

मुंबईत बसून कांदोळी किंवा शिवोलीतला फ्लॅट चालवणारे बरेच जण म्हणतात की अहो, आम्ही वर्षातले दोन-तीन महिनेच देतो, बाकी आम्हीच जातो. नोंदणी लागते की नाही हे तुम्ही किती दिवस देता यावर ठरत नाही, पैसे घेऊन देता का यावर ठरतं. डिसेंबरचे दहा दिवस दिलंत तरी ती पर्यटकाची राहण्याची जागाच झाली.

आसगाव, शिवोली, हणजूण या भागात गावकऱ्यांचा राग का आहे हेही समजून घ्यायला हवं. गावात विहिरीचं पाणी तेवढंच, रस्ता तोच एका गाडीचा, आणि आजूबाजूला पूल असलेले व्हिला उभे राहतात ज्यांचा मालक कोण हे शेजाऱ्याला माहीतच नसतं. कचरा कुणी उचलायचा, रात्री दोनला गाणी बंद करा म्हणून सांगायचं कुणाला, फोन कुणाला करायचा, याचं उत्तर गावात कुणाकडे नसतं. नोंदणीने पाणी वाढत नाही हे खरं, पण निदान दाराच्या मागे कोण आहे हे सरकारदरबारी लिहिलेलं असतं. माझ्या मते नोंदणीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, टॅक्स वगैरे नंतर.

महाराष्ट्र: निवास न्याहारी, कृषी पर्यटन आणि किनाऱ्यावरची घरं

महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. इथे निवास न्याहारी योजना बऱ्याच वर्षांपासून चालू आहे, आधी एमटीडीसीच्या, म्हणजे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या नावाने लोक ओळखायचे, आता नोंदणीचं काम पर्यटन संचालनालय बघतं. कल्पना साधी. मालक त्याच घरात राहतो, घरातल्या थोड्या खोल्या पाहुण्यांना देतो, सकाळी पोहे, घावणे, आंबोळी असं काही घरचं खायला घालतो. केंद्र सरकारची बेड अँड ब्रेकफास्ट योजना पण अशीच आहे, त्यात १ ते ६ खोल्या चालतात, सिल्व्हर आणि गोल्ड असे दोन दर्जे आहेत आणि अट हीच की मालकाचं कुटुंब तिथे राहत असलं पाहिजे.

इथेच बऱ्याच जणांची गाडी अडकते. तुम्ही ठाण्यात राहता आणि दापोलीत बंगला केअरटेकरच्या भरवशावर चालतो, तर तुम्ही त्या अर्थाने निवास न्याहारीवाले नाही. नाव होमस्टे लावलं तरी तो होमस्टे होत नाही, ती केअरटेकरने चालवलेली व्हिला आहे. त्यात गुन्हा काही नाही, पण छोट्या होमस्टेसाठी ज्या सवलती आहेत त्यावर मग हक्क सांगता येत नाही.

शेती असलेल्यांसाठी २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. आणि महिलांसाठी "आई" नावाचं पर्यटन धोरण आहे, त्यात पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत सरकार परत देतं. कोकणात कितीतरी घरी होमस्टे प्रत्यक्षात बाईच चालवते, नाव मात्र नवऱ्याचं किंवा सासऱ्यांचं असतं, अशांनी नोंदणी कुणाच्या नावाने करायची याचा आधीच विचार करावा.

आता जमीन. हा मुद्दा लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि खरा त्रास इथूनच सुरू होतो. घर गावठाणात असेल तर बरंचसं सोपं. पण शेतजमिनीवर फार्महाऊस म्हणून बांधलंय आणि आता तिथे दर वीकेंडला वीस-वीस माणसं उतरतायत, तर महसूल खात्याच्या दृष्टीने तो बिगरशेती वापर झाला आणि तहसील कार्यालयाची नोटीस येऊ शकते. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने जपायचे भाग आहेत, तिथे नवीन खोली वाढवणं सोडा, शेड टाकतानाही दहा वेळा विचार करावा लागतो.

समुद्रकिनाऱ्याला सीआरझेड आहे, म्हणजे भरतीच्या रेषेपासून ठरावीक अंतरात बांधकामावर बंधनं. पण याच सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेत एक फार चांगली तरतूद आहे जी हर्णै, आंजर्ले, तारकर्लीकडच्या लोकांना पाठ असायला हवी. मच्छीमारांसह स्थानिक लोकांना आपल्या आहे त्या घरात होमस्टे चालवायला मुभा आहे, फक्त घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे कौलारू घर आहे तसं ठेवा, आतल्या खोलीत पंखा, स्वच्छ बाथरूम, मच्छरदाणी करा, चालेल. घर पाडून तिथे दोन मजली स्लॅब टाकून आरसीसी रिसॉर्ट बांधलंत तर ती मुभा गेली. कायदा करणाऱ्याने इथे नेमकं ओळखलंय की किनाऱ्याला राहणाऱ्याचं पोट आणि बाहेरच्याची गुंतवणूक यात फरक करायचा असतो.

सोसायटी नाही म्हणू शकते का?

शहरातल्या फ्लॅटवाल्यांचा खरा झगडा इथे आहे. शनिवारी रात्री साडेअकराला लिफ्टमधून चाकांच्या बॅगा घेऊन सहा अनोळखी पोरं येतात, वॉचमनकडे चावी ठेवलेली असते, वॉचमन त्यांना विचारतो कुणाकडे, ते म्हणतात अमुक नंबर, बास. समोरच्या फ्लॅटमध्ये आजी-आजोबा एकटे राहतात. त्यांना दर आठवड्याला दारासमोर नवीन चेहरे दिसतात. त्यांची भीती खोटी आहे असं कुणी म्हणू नये.

सोसायटीचे आदर्श उपविधी, म्हणजे बाय-लॉज, फ्लॅट भाड्याने द्यायला बंदी करत नाहीत. सोसायटीला आधी कळवा, कराराची प्रत द्या, पोलिसांना माहिती दिल्याचा कागद द्या, एवढं सांगतात. नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेला आकार, पण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, हा शासनाचा २००१ चा आदेश आहे, सोसायट्या अजूनही मनाला येईल तो आकडा लावतात ते चूकच.

पण हे सगळं नेहमीच्या भाडेकरूचा विचार करून लिहिलंय. फ्लॅट राहण्यासाठी दिलेला आहे, वापर बदलायचा तर सोसायटीची परवानगी लागते, आणि रोज नवीन पाहुणा ठेवणं हा वापरातला बदल आहे असं सोसायटी म्हणू शकते. त्यात दम आहे. तुम्ही म्हणाल की मी तर राहायलाच देतोय, दुकान थोडंच काढलंय. त्यातही थोडा दम आहे. असा वाद सहकार न्यायालयात गेला की वर्षं जातात आणि तोवर शेजाऱ्यांशी बोलणं बंद झालेलं असतं, म्हणून माझा आग्रह हाच की लिस्टिंग करायच्या आधी कमिटीला लेखी पत्र द्या. किती जण येतील, पार्टी चालणार नाही, तक्रारीसाठी हा नंबर, रात्री कुणीतरी उचलेल, हे त्यात लिहा. सर्वसाधारण सभेत विषय येऊ द्या. जास्तीचं पाणी, लिफ्टचा वापर यासाठी वेगळे पैसे द्यायची तयारी दाखवा. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत दर वीकेंडला सहा जणांच्या अंघोळी म्हणजे बाकीच्यांच्या खिशातून गेलेले पैसेच असतात, ते मान्य करून बोललात तर लोक ऐकतात.

आणि तरीही सभेने नको म्हटलं तर? तर त्या इमारतीत हा धंदा करू नका. नेहमीचा भाडेकरू ठेवा. चाळीस कुटुंबांच्या घरात एकट्याने लॉज चालवणं पैशाला बरं असेल, पण ते बरोबर आहे असं मला वाटत नाही.

जीएसटीचं गणित, एकदाच नीट

इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि खरंतर हे तितकं अवघड नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचा एका दिवसाचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी आणि इनपुट क्रेडिट नाही (म्हणजे तुम्ही खरेदीवर भरलेला जीएसटी त्यातून वजा करता येत नाही), त्याच्या वर गेलं की १८ टक्के. आधी खालच्या दरात १२ टक्के होते. आणखी मागे जायचं तर जुलै २०२२ पर्यंत १,००० रुपयांच्या आतल्या खोलीला जीएसटीच नव्हता, ती सूट गेली.

आता कुणी भरायचा. महाराष्ट्र आणि गोव्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला नोंदणीची गरज नाही. मग पाहुण्याने तुम्हाला फोन करून बुकिंग केलं तर जीएसटी शून्य. तेच बुकिंग अ‍ॅपवरून आलं तर जीएसटी लागतो, पण तो पाहुण्याकडून घेऊन अ‍ॅप कंपनी भरते, तुम्ही नाही. २० लाखांच्या वर गेलात की नोंदणी घेऊन स्वतः भरायचा.

समजा दिवेआगरला तुमच्या चार खोल्या आहेत, प्रत्येकी ३,००० रुपये. एका खोलीवर १५० रुपये जीएसटी, चारही भरल्या तर ६०० रुपये. आता त्याच चार खोल्यांचा आख्खा बंगला म्हणून १२,००० रुपयांना एकच लिस्टिंग टाकलंत तर एका युनिटचा दर ७,५०० च्या वर गेला असं धरलं जाण्याची शक्यता मोठी, मग १८ टक्क्यांनी २,१६० रुपये. पाहुणा तोच, गाद्या त्याच, आणि बिलात १,५६० रुपयांचा फरक. म्हणून लिस्टिंग खोलीवर करायचं की बंगल्यावर हे फोटो काढण्याआधी सीएला विचारायचं, नंतर नाही.

अजून एक जागा जिथे लोक फसतात. २० लाखांची मर्यादा घरावर नसते, पॅनवर असते. तुमचं मेडिकलचं दुकान त्याच पॅनवर १६ लाख करत असेल आणि होमस्टेने ५ लाख केले, तर झाले २१ लाख, तुम्ही मर्यादेबाहेर.

इन्कम टॅक्समध्ये नेहमीच्या भाड्यावर दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के वजावट मिळते. पाहुणे ठेवायचा व्यवसाय असेल तर हे उत्पन्न साधारणपणे धंद्याचं धरलं जातं, ती ३० टक्के वजावट मिळत नाही, पण मग चादरी, पगार, दुरुस्ती, अ‍ॅपचं कमिशन असा खरा खर्च दाखवता येतो. अ‍ॅपवाले टीडीएस पण कापतात, ०.१ टक्का, म्हणजे तुमची कमाई टॅक्स खात्याला आधीच दिसत असते. लपवायचं म्हणून कुणी हा धंदा करत असेल तर तो दिवस गेला.

"पण आम्ही छोटी माणसं, एवढे कागद कुठे करत बसू?"

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे आणि मला तो मनापासून पटतो. आठ खोल्यांच्या रिसॉर्टवाल्याला एक मॅनेजर ठेवता येतो. दोन खोल्यांवर सकाळी भाकऱ्या थापणाऱ्या काकूंना कुठला मॅनेजर? तरी काही कागद असे आहेत की ते नसले तर नुकसान छोट्याचंच जास्त होतं.

पहिला, पाहुण्यांची वही. नाव, पत्ता, कुठून आले, कुठे जाणार, ओळखपत्राचा प्रकार. आधारच घ्यायची सक्ती करू नका, लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र चालतं, आधार देत असतील तर आकडे झाकलेलं मास्क्ड आधार मागा. आणि लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची पद्धत ताबडतोब बंद करा, ते धोक्याचं आहे. सज्ञान जोडपं लग्न झालेलं आहे की नाही हे बघायला कुठला कायदा सांगत नाही, ओळखपत्र बघा आणि विषय संपवा.

दुसरा, परदेशी पाहुणा. त्याची माहिती आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते, लोक त्याला सी फॉर्म म्हणतात. इथे मोठं हॉटेल आणि घरातली एक खोली असा फरक नाही, मालकाला माहीत नव्हतं ही सबब चालत नाही आणि प्रकरण थेट पोलिसांकडे जातं. परदेशी पाहुणे घ्यायचेच नसतील तर लिस्टिंगमध्ये तसं लिहा, घ्यायचे असतील तर पोर्टलवर लॉगिन आधी काढून ठेवा.

तिसरा, जेवण देत असाल तर अन्न सुरक्षेचं साधं रजिस्ट्रेशन. छोट्यांसाठी त्याची फी वर्षाला १०० रुपये आहे. न करण्याचं काही कारणच नाही. दारू मात्र विकायची नाही, आणून द्यायची पण नाही, त्याचं लायसन्स पूर्ण वेगळं असतं.

चौथी, वीज. घरगुती मीटरवर व्यवसाय चालू आहे असं तपासणीत आढळलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट दराने आकारणी होते, आणि कधीपासून चालू होतं ते सिद्ध होत नसेल तर मागच्या १२ महिन्यांची. चार एसी लावलेल्या घराला हा आकडा परवडणारा नसतो. छोट्या नोंदणीकृत होमस्टेंना व्यावसायिक धरू नये असा सरकारी योजनांचा रोख आहे, पण त्यावर विसंबून न राहता महावितरणच्या ऑफिसात लेखी अर्ज देऊन तुमच्या घराला कुठला दर लागतो ते कागदावर घ्या.

इन्शुरन्सचं पण बघा. घराची नेहमीची पॉलिसी राहत्या घराची असते, पैसे घेऊन ठेवलेला पाहुणा पायरीवरून पडला किंवा पूलमध्ये काही झालं तर त्यातून भरपाई मिळेलच असं नाही. पूल असलेल्या बंगलेवाल्यांनी याबाबतीत खरंच हलगर्जीपणा करू नये. पाणी किती खोल आहे त्याची पाटी, रात्रीचा दिवा, कुंपण, बुडणाऱ्याकडे फेकायचं तरंगतं कडं, आणि दारू पिऊन पाण्यात उतरू न देणारा माणूस. याला पैसे लागतात, पण लहान मुलं येणार आहेत तिथे.

बाहेरच्या देशांत एवढं कडक का झालं?

आपल्याकडे अजून बरंच मोकळं आहे. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नियम असा की ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर शहराकडे नोंदणी, मालक स्वतः त्या घरात हजर, आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये स्वतःचं आख्खं घर वर्षातून जास्तीत जास्त ३० रात्रीच देता येतं, लंडनमध्ये ९०, जपानमध्ये २०१८ च्या कायद्याने १८० दिवस. बार्सिलोनाने तर २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांच्या १०,१०१ फ्लॅटची लायसन्स पुढे चालू ठेवायचीच नाहीत, नोव्हेंबर २०२८ पर्यंत सगळी बंद.

कारण सगळीकडे साधारण एकच. नेहमीच्या भाडेकरूकडून महिन्याला जेवढं मिळतं तेवढं पर्यटकांकडून आठ-दहा दिवसांत मिळायला लागलं, मग मालकांनी भाडेकरू काढले, भाडी वाढली, आणि तिथे जन्मलेल्या, तिथेच काम करणाऱ्या लोकांना घर मिळेना. नर्स, शिक्षक, वेटर शहराबाहेर गेले. घरं होती, पण त्यात राहणारं कुणी नव्हतं.

यावर घरमालकांचं म्हणणं असं की घरटंचाई काय फक्त आमच्यामुळे आहे का, सरकारने घरं बांधली नाहीत त्याचं खापर आमच्यावर का? मुद्दा अगदीच चुकीचा नाही. घरटंचाईला दहा कारणं असतात. पण ज्या एखाद्या वाडीत मुळात साठ घरं आहेत तिथली वीस घरं पर्यटकांना लागली तर तिथल्या शाळेच्या मास्तरांना भाड्याने खोली कुठे मिळणार, हा प्रश्न आता पणजीत, कुडाळात, अलिबागमध्येही लोक विचारायला लागलेत.

मग नियम सगळ्यांना सारखेच हवेत का?

मला वाटतं नकोत. वरच्या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, केंद्राची योजना असो, सीआरझेड असो की न्यूयॉर्क, विचारलं जातं ते हे की मालक तिथे राहतो का. कारण मालक घरात असला की अर्धे नियम आपोआप पाळले जातात. आवाज झाला तर पहिली झोप त्याचीच मोडते, पाणी संपलं तर त्याचीच टाकी रिकामी होते, आणि सकाळी शेजाऱ्याला तोंड त्यालाच दाखवायचं असतं.

त्यामुळे स्वतः राहून दोन-चार खोल्या देणाऱ्यासाठी एका अर्जात, एका खिडकीवर, कमी पैशात नोंदणी व्हायला हवी, आणि ग्रामसभेला त्याची यादी मिळायला हवी. लांबून आठ-दहा फ्लॅट किंवा व्हिला चालवणाऱ्यासाठी मात्र नियम खरोखरच कडक हवेत: गावात राहणारा जबाबदार माणूस, त्याचा नंबर गेटवर, पाण्याचा आणि कचऱ्याचा वेगळा आकार, आणि गावात अशा जागा किती असाव्यात यावर ग्रामपंचायतीला बोलायचा अधिकार. आज बऱ्याच ठिकाणी उलटं होतं. मोठा माणूस सल्लागार लावून सगळं करून घेतो आणि तपासणी आली की काकूंच्या दोन खोल्या सापडतात.

सुरुवात कुठून करायची

आधी जमिनीचे कागद काढा, सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि बांधकाम परवानगी. त्यावर घराचा वापर काय लिहिलाय ते वाचा. फ्लॅट असेल तर सोसायटीला पत्र, गावात असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन ना हरकत दाखला. ते हातात आलं की पर्यटन खात्याची नोंदणी, गोव्यात ती बंधनकारकच, महाराष्ट्रात मालक तिथे राहत असेल तर निवास न्याहारीखाली. त्यानंतर अन्न सुरक्षा, वीज, इन्शुरन्स, आणि सीएबरोबर एक तास बसून वर सांगितलेलं खोली की बंगला हे गणित. लिस्टिंग सगळ्यात शेवटी. आणि जे लोक आधीच चालवतायत त्यांनी नोटीस यायची वाट न बघता पुढच्या सीझनच्या आधी अर्ज टाकावा, पावसाळ्यात पाहुणे कमी असतात, ऑफिसातल्या फेऱ्या तेव्हाच मारून घेतलेल्या बऱ्या.